न दिसणाऱ्या वायूची खातेवही

आज जेवताना घरातल्या मोठ्यांना एक कोडं घाला. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. पोळ्या, भाजी, आमटी, चहा होता होता एक दिवस तो संपतो. मग त्या गॅसपासून हवेत कार्बन डायऑक्साइड किती किलो गेला?

कुणी म्हणेल, "चौदा किलो." कुणी म्हणेल, "छे! जळून गेला की, मग उरतंय काय?" बरोबर उत्तर आहे, सुमारे ४२ किलो!

आहे ना गंमत? चौदा किलोचे बेचाळीस किलो झाले कसे? ही जादू नाही, साधं रसायनशास्त्र आहे. सिलिंडरमधल्या गॅसमध्ये साधारण ८२ टक्के कार्बन असतो, म्हणजे साडेअकरा किलोच्या आसपास. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. कार्बनच्या अणूचं वजन १२ धरलं, तर ऑक्सिजनच्या एका अणूचं १६. बारा अधिक सोळा अधिक सोळा, झाले ४४. म्हणजे १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाढलेलं वजन असतं ऑक्सिजनचं. ते सिलिंडरमधून आलेलं नसतं, तुमच्या स्वयंपाकघरातल्या हवेतून आलेलं असतं.

तुमच्या आजोबांनी शाळेत याच वायूला 'कर्बवायू' म्हटलं असेल. नाव काहीही असो, हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. कारखान्याच्या धुराड्यातून काळा धूर निघाला तर तो सगळ्या गावाला दिसतो, पण त्याच्याबरोबर जाणारा कार्बन डायऑक्साइड कुणालाच दिसत नाही. म्हणून त्याचा पत्ता लागतो तो फक्त आकड्यांत, आणि आकडे राहतात वहीत. ती वही चुकली किंवा कुणी तिच्यात लबाडी केली, तर कळणार कसं? या वहीची आणि तिच्यावर पडलेल्या दरोड्याचीच ही गोष्ट आहे.

हिशेब कशाला हवा?

हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा एक ज्वालामुखी पर्वत आहे. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड रोज मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ मध्ये त्या ठिकाणची वर्षाची सरासरी ४२० च्या वर गेली. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, गोधडीसारखा. गोधडी जाड होत चालली, की आतलं ऊन वाढतं.

या गोधडीत सगळ्यात जास्त भर कोण घालतं? कोळसा, तेल आणि गॅस जाळणारी वीजकेंद्रं, कारखाने आणि वाहनं. तेव्हा कारखान्यांना सांगावं लागतं, "बाबांनो, आवरतं घ्या." पण कारखानदार लगेच विचारेल, "किती आवरू? आणि मी आवरलं, हे तुम्हांला कळणार कसं?" प्रश्न रास्त आहे. ज्याचं माप नाही, त्याला मर्यादा कशी घालणार?

कारखान्याचं माप

माप घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिली तुम्ही आत्ताच शिकलात. किती इंधन जाळलं ते मोजायचं, त्यात कार्बन किती होता ते पाहायचं आणि गुणाकार करायचा. वीजकेंद्रात कोळसा वजनकाट्यावर मोजून घेतात. त्यातला थोडा नमुना प्रयोगशाळेत जातो. समजा एका टन कोळशात ४०० किलो कार्बन निघाला. तो सगळा जळला, तर ४०० गुणिले ४४ भागिले १२, म्हणजे जवळजवळ १,४६७ किलो कार्बन डायऑक्साइड. राखेत न जळलेला कार्बन राहिला असेल, तर तेवढा वजा करायचा.

दुसरी रीत म्हणजे धुराड्यातच यंत्र बसवायचं. बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती टक्के आहे आणि ती हवा किती वेगाने जाते, हे ते यंत्र दिवसरात्र मोजत राहतं.

सिमेंटच्या कारखान्याचा हिशेब मात्र जरा अवघड. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तिथे भट्टीत चुनखडी भाजतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा वायू कोळशाचा नव्हे, दगडाच्याच पोटातला! भट्टी पेटवायला जो कोळसा लागला, त्याचा वेगळा. हिशेबनीस नुसता कोळसा मोजून मोकळा झाला, तर त्याची वही अर्धीच राहिली म्हणायची.

पूर्वी हे सगळं कागदावर चाले. मग संगणकावरचे तक्ते आले. एक कारकून आकडे भरी, तक्ता दुसऱ्या कचेरीत पाठवी, तिथे कुणी तरी ते पुन्हा उतरवून घेई. यात चुका किती सोप्या! किलोच्या जागी टन लिहिलं की आकडा हजारपट. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दहापट. मागच्या महिन्याचा आकडा कुणी गुपचूप बदलला, तरी कुणाला पत्ता नाही.

म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीत, काही पहारेकरी बसवतात. आकडा मागच्या वर्षापेक्षा फारच वेगळा आला, तर आज्ञावली थांबून विचारते, "हे बरोबर आहे ना?" एकक लिहिल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही. आकडा बदलायचा तर बदला, पण जुना आकडा पुसला जात नाही. कुणी बदलला, कधी बदलला, कशासाठी बदलला, याची नोंद राहते. तुमच्या गणिताच्या बाई खाडाखोड न करता चुकीवर एक रेघ मारायला सांगतात ना? अगदी तसंच!

हवेचे परवाने

आता आपण युरोपात जाऊ, कारण वहीची खरी परीक्षा तिथे झाली. १ जानेवारी २००५ रोजी युरोपीय संघाच्या २५ देशांनी मिळून एक योजना सुरू केली. वीजकेंद्रं, पोलाद, सिमेंट, काच, कागद असे हजारो कारखाने तिच्यात आले.

नियम असा. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याची मुभा. परवाने एकूण किती, हे आधीच ठरलेलं. कारखान्याने वर्षभरात जेवढे टन वायू सोडला, तेवढे परवाने सरकारजमा करायचे. ज्याने भट्टी सुधारली, त्याचे परवाने उरतील. ते तो विकू शकतो. ज्याने काहीच केलं नाही, त्याने विकत घ्यावेत. परवाने कमी पडले तर? २००८ पासून टनामागे १०० युरो दंड, शिवाय राहिलेले परवाने भरावे लागतात ते वेगळेच.

पण परवाना दिसतो कसा? त्यावर शिक्का असतो? मुळीच नाही. परवाना कागदावर कधी छापलाच जात नाही. तो असतो फक्त संगणकातल्या नोंदवहीत, बँकेतल्या खात्यावरच्या रकमेसारखा. म्हणजे पाहा हं, वायू दिसत नाही आणि त्याचा परवानाही दिसत नाही. सगळा कारभार उभा आहे तो आकड्यांवरच्या विश्वासावर!

पहिला दणका एप्रिल २००६ मध्ये बसला. वर्षभराचे तपासलेले आकडे पहिल्यांदाच बाहेर आले आणि कळलं, की कारखान्यांनी सोडलेल्या वायूपेक्षा वाटलेले परवानेच जास्त होते! परवाने वाटण्याआधी कुणाकडे पक्की वहीच नव्हती. बराचसा भर अंदाजांवर होता. झालं! ३० युरोंच्या आसपास असलेला परवान्याचा भाव थोड्याच आठवड्यांत निम्म्याखाली आला. बाजारात मालाची रेलचेल आहे म्हटल्यावर चढा भाव देणार कोण? नुसत्या अंदाजाने केलेल्या वाटपाची ही किंमत होती.

दरोडा

पुढचं संकट मोठं होतं. त्या वेळी प्रत्येक देशाची नोंदवही वेगळी होती. सगळ्या वह्या एकमेकींना जोडलेल्या, पण सुरक्षेची व्यवस्था ज्याची त्याची. एका वाड्याला पंचवीस-तीस दारं असावीत, कुठे भक्कम कुलूप आणि कुठे नुसती कडी, तसा प्रकार. आणि चोर कधी कुलपाच्या दाराशी जातो का?

जानेवारी २०१० मध्ये युरोपातल्या अनेक कंपन्यांना पत्रं आली, संगणकावरून. दिसायला ती थेट सरकारी कचेरीची. त्यांत लिहिलं होतं, की सुरक्षेसाठी आपलं नाव आणि परवलीचा शब्द पुन्हा नोंदवा. बहुतेकांनी दुर्लक्ष केलं, पण काहींनी नोंदवला. ती कचेरी खोटी होती! जर्मनीतल्या काही कंपन्यांच्या खात्यांतून सुमारे अडीच लाख परवाने गेले. त्यांची किंमत तीस लाख युरोंच्या घरात होती.

ओळखीचं वाटतंय ना? "तुमचं बँक खातं बंद होणार आहे, ओटीपी सांगा," असे फोन आपल्या घरीही येतात. युक्ती तीच होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात रुमानियातल्या एका सिमेंट कंपनीच्या खात्यातून सोळा लाख परवाने नाहीसे झाले. आणि मग आला जानेवारी २०११. आधी ऑस्ट्रियाच्या नोंदवहीत चोरी झाली. मग १८ जानेवारीला चेक प्रजासत्ताकाची नोंदवही सांभाळणाऱ्या प्रागमधल्या कचेरीत बॉम्बची धमकी आली आणि इमारत रिकामी करावी लागली. दुसऱ्या दिवशी उघडकीला आलं, की एका कंपनीच्या खात्यातले चार लाख पंच्याहत्तर हजार परवाने गायब आहेत. किंमत सुमारे सत्तर लाख युरो!

हे परवाने एका देशातून दुसऱ्या देशात, या खात्यातून त्या खात्यात फिरवले गेले. संगणकावर एक खातं ते दुसरं खातं म्हणजे काही क्षणांचं काम. पोती पळवायला ट्रक लागला असता, रस्त्यात नाका लागला असता. इथे ना ट्रक, ना नाका.

१९ जानेवारी २०११ रोजी युरोपीय आयोगाने सगळ्या देशांच्या नोंदवह्यांतली देवाणघेवाण थांबवली. कल्पना करा, सगळ्या बँका एका दिवशी बंद! पुढे सुरक्षेची खात्री पटेल तशा एकेका देशाच्या वह्या उघडत गेल्या. पहिल्या काही वह्या फेब्रुवारीत उघडल्या.

आता तुम्ही न्यायाधीश व्हा. चोराने परवाने तिसऱ्याच माणसाला विकले. त्या बिचाऱ्याला चोरीचं काहीच ठाऊक नव्हतं, त्याने रोख पैसे मोजले होते. आता परवाने कुणाचे? मूळ मालकाचे की घेणाऱ्याचे? आपल्या मित्राची हरवलेली सायकल दुसऱ्याने बाजारातून विकत घेतली, तर जसा पेच पडेल, तसाच हा पेच. युरोपने नंतरच्या नियमांत उत्तर दिलं, की प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याचा हक्क पक्का. तसं केलं नसतं, तर परवाना विकत घ्यायला सगळेच घाबरले असते. तुम्हांला हा न्याय पटतो का? आईबाबांशी वाद घालून पाहा.

कुणी म्हणेल, "चोरी झाली ती पैशांची. हवेचं काय बिघडलं?" खरं आहे, चोरलेल्या परवान्याने हवेत एक ग्रॅमही भर पडली नाही. पण ज्या कारखानदाराने पदरचे पैसे घालून भट्टी सुधारली, त्याचा विचार करा. त्याचं बक्षीस म्हणजे वहीतले उरलेले परवाने. तेच रातोरात उडाले, तर पुढच्या वर्षी तो भट्टी सुधारेल का?

नवी वही

जून २०१२ मध्ये सगळ्या देशांच्या वेगवेगळ्या वह्यांच्या जागी युरोपीय संघाची एकच नोंदवही आली. सगळी खाती नव्या व्यवस्थेत नेण्यात आली. हे काम चालत्या गाडीचं चाक बदलण्याइतकं नाजूक होतं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी कुणाचं तरी नुकसान ठरलेलं!

नव्या वहीला कुलपं कशी लावली, ते ऐका.

पहिलं कुलूप, नुसता परवलीचा शब्द पुरेना. त्याच्या जोडीला दुसरी खूण हवी, उदाहरणार्थ मोबाइलवर आलेला आकडा.

दुसरं कुलूप, दोन माणसांची संमती. एकाने व्यवहार मांडायचा, दुसऱ्याने तो तपासून मंजूर करायचा.

तिसरं कुलूप, विश्वासू खात्यांची यादी. ओळखीच्या खात्यांची नावं आधीच नोंदवून ठेवायची, आणि नवं नाव त्या यादीत घालायला काही दिवस जाऊ द्यायचे.

चौथं कुलूप सगळ्यात मजेशीर. ते होतं उशिराचं! त्या वेळच्या नियमांत व्यवहार मांडल्यावर तो पुरा होण्याआधी सव्वीस तास थांबण्याची तरतूद केली होती. एरवी संगणक घेतो तो वेळ वाचवायला. इथे त्याला मुद्दाम सावकाश चालायला लावलं. का? तर चोरी झालीच, तर मालकाला ती दिसावी आणि "थांबा!" म्हणायला सवड मिळावी. नवं सॉफ्टवेअर म्हणजे जास्त वेगाचं सॉफ्टवेअर, असं आपण धरून चालतो. ते नेहमीच खरं नसतं बरं का!

पण कुलपं कितीही लावा, आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? कारखान्यानेच चुकीचा आकडा दिला, तर संगणक तो चुकीचा आकडाच जपून ठेवील. म्हणून कारखान्याच्या वार्षिक अहवालाची तपासणी बाहेरचे मान्यताप्राप्त तपासनीस करतात. ते वजनकाटा पाहतात, कोळशाची बिलं पाहतात, प्रयोगशाळेचे कागद पाहतात. तपासलेले अहवाल द्यायची तिथली शेवटची तारीख सर्वसाधारणपणे ३१ मार्च. तुमच्या बाबांच्या कचेरीत त्या दिवशी जी धांदल असते, तीच तिथेही!

या सगळ्याचं फळ काय? योजनेत आलेल्या वीजकेंद्रांचा आणि कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड २०२४ पर्यंत २००५ च्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आला. याला वारा आणि सूर्यापासून मिळणारी स्वस्त वीज, अशी इतरही कारणं आहेत. पण "निम्म्यावर आला" हे वाक्य आज आपण ठामपणे बोलू शकतो, ते वहीमुळेच.

आपल्या दाराशी

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटतं? तसं नाही. आपल्या शेजारी सुरतेला २०१९ मध्ये एक असाच बाजार सुरू झाला. तो कार्बन डायऑक्साइडचा नाही, धुराड्यातून उडणाऱ्या बारीक कणांचा. सुमारे तीनशे कारखान्यांच्या धुराड्यांत यंत्रं बसली आणि त्यांचे आकडे थेट गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाऊ लागले.

युरोपने आता बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा मालाचाही हिशेब मागायला सुरुवात केली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागे. १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालाचा हिशेब पैशांतही धरला जातो. म्हणजे भारतातली पोलादाची सळई युरोपच्या बंदरात उतरली, की सवाल येणार, "हिला बनवताना किती कार्बन डायऑक्साइड सोडला?" ज्याच्याकडे पक्की वही, त्याच्याकडे उत्तर.

आपल्या केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. तिची व्यवस्था पाहते ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी. घरातल्या फ्रिजवर आणि पंख्यावर ताऱ्यांचं लेबल असतं ना, तीच ही संस्था! दरोडा पडल्यावर कुलपं घ्यावी लागली ती युरोपला. आपल्याला ती पहिल्या दिवसापासून लावता येतील.

करून पाहा

आता तुमची पाळी. एक कोरी वही घ्या आणि घराचा वर्षाचा हिशेब मांडा. गॅसचा एक सिलिंडर, ४२ किलो. एक लिटर पेट्रोल, सुमारे २.३ किलो. विजेचं एक युनिट, आपल्या देशाच्या सरासरीने सुमारे ०.७ किलो. सिलिंडर कधी बदलला, पेट्रोल किती भरलं, विजेच्या बिलावर किती युनिटं आहेत, ते तारखेसह लिहा.

नियम तीनच. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचं. चुकलं तर खोडरबर वापरायचा नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. आणि महिन्याच्या शेवटी वही शेजारच्या मित्राकडून बिलांशी ताडून तपासून घ्यायची. तुम्ही त्याची तपासा, तो तुमची तपासेल.

बाराव्या महिन्यात बेरीज कराल, तेव्हा आकडा पाहून घरातली मंडळी नक्की म्हणतील, "एवढा? शक्यच नाही!" तेव्हा वाद घालू नका. वही उघडून पुढे ठेवा.